एक जामीनदार, अनेक कर्जं : रीस्टेकिंग समजून घेताना

मागच्या वेळी आपण 'वचन' या संकल्पनेवर बोललो. व्याख्यान संपल्यावर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या तीन एकाच गोष्टीबद्दल होत्या, आणि ती गोष्ट ना कांटमध्ये आहे ना मीमांसेत. एका बाईंनी लिहिलं होतं, "मुलगा म्हणतो, स्टेक केलेलं इथर पुन्हा स्टेक करता येतं आणि दोनदा मोबदला मिळतो. एकाच पैशावर दोनदा व्याज कसं मिळेल?" प्रश्न अगदी बरोबर विचारलाय. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं असल्या बाजारी विषयात पडावं का, असं आयोजकांना वाटत होतं. आमचं म्हणणं, हा वचनाचाच पुढचा धडा आहे. तेव्हा आज तोच घेऊ.

सुरुवात इथूनच, लालबाग-परळपासून करू. गिरण्या चालू होत्या त्या काळात कामगारांच्या पतपेढ्या असत. मुलीचं लग्न, गावचं घर, आजारपण, काही निघालं की पतपेढीचा अर्ज भरायचा. पण अर्जावर जामीनदारांच्या सह्या लागायच्या. जामीनदार कोण? शेजारच्या साच्यावरचा माणूस, चाळीतला माणूस, गाववाला. कर्जदारानं हप्ता चुकवला तर जामीनदाराच्या पगारातून कापला जाणार. आता इथे जरा थांबून बघा. जामीनदारानं त्या दिवशी एक पैसाही दिलेला नाही. त्यानं फक्त स्वतःचा पुढचा पगार टांगणीला लावलाय. पगार त्याचाच आहे, त्याच्याच घरी जातोय. फक्त त्याच्यावर आता एक अट बसली आहे. हे 'अट बसलेलं धन' म्हणजे आजच्या विषयाचा गाभा आहे.

आमच्याकडे या गोष्टीचा फार जुना विचार झालेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत जामिनाचे तीन प्रकार सांगितलेत. पहिला, 'या माणसाला मी हजर करीन' असं म्हणणारा. दुसरा, 'हा माणूस भरवशाचा आहे' अशी खात्री देणारा. तिसरा, 'यानं दिलं नाही तर मी देईन' असं म्हणणारा. विज्ञानेश्वरानं मिताक्षरेत या तिघांची जबाबदारी वेगवेगळी लावून दाखवली आहे. पहिले दोन मेले तर त्यांच्या मुलांवर बोजा येत नाही. तिसऱ्याच्या मुलांना मात्र ते द्यावं लागतं. हे तिघे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता इथेरियम. ही एक वही आहे असं समजा, हिशेबाची. जगभर हजारो संगणकांवर तिची तीच प्रत आहे आणि तिला कुणी एक मालक नाही. मालक नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो : पुढची ओळ कुणी लिहायची, आणि लिहिणाऱ्यानं खोटं लिहू नये म्हणून त्याला धाक कसला? आधी हा धाक विजेच्या खर्चाचा होता. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं ती पद्धत सोडली आणि जामिनाची पद्धत घेतली. ज्याला वही लिहायची, तपासायची आहे त्यानं कमीत कमी ३२ इथर ठेव म्हणून बांधून ठेवायचं. याला स्टेकिंग म्हणतात. काम नीट केलं तर मोबदला, तोही इथरमध्येच. गेल्या काही वर्षांत तो वर्षाला साधारण तीन टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. संगणक बंद पडला तर किरकोळ दंड. पण लबाडी केली तर ठेवीचा लचका तोडला जातो. याला स्लॅशिंग म्हणतात.

लबाडी म्हणजे काय, हे आम्हाला तरी फार रोचक वाटलं. यंत्राला खरं-खोटं कळत नाही. ते फक्त एवढंच पाहतं की तुम्ही एकाच जागेसाठी दोन वेगवेगळ्या नोंदींवर सही केली का, किंवा एकमेकांशी न जुळणारी दोन मतं दिली का. म्हणजे शिक्षा असत्याला नाही, व्याघाताला आहे, स्वतःशीच विसंगत बोलण्याला. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही चाळीस वर्षं जो नियम शिकवला, त्यावर इथे खरे पैसे कापले जातात! दोन सह्या समोर ठेवल्या की पुरावा पूर्ण. साक्षीदार नको, पंच नको, कोर्ट नको.

आणखी एक नियम आहे. एकटाच चुकला तर दंड कमी. पण साधारण एकाच सुमारास बरेच जण चुकले, तर प्रत्येकाचा दंड वाढत जातो. एकूण ठेवीच्या एक-तृतीयांशाइतके लोक एकदम सापडले तर सगळीच ठेव जाऊ शकते. का? तर एकट्याची चूक ही बहुधा चूक असते, सगळ्यांची मिळून झालेली चूक हा बहुधा कट असतो. किंवा सगळे एकाच दोरीला बांधलेले असतात. या दोरीकडे पुन्हा येऊ.

आता रीस्टेकिंग. समजा तुम्ही ३२ इथर बांधून ठेवलंय. ते तिथे पडून आहे, धाक म्हणून. मग कुणीतरी म्हणालं, हाच धाक दुसरीकडेही वापरता येईल की! इथेरियमच्या भोवती अनेक छोट्या सेवा उभ्या राहतात. कुणी मोठी माहिती साठवून ठेवतं, कुणी एका वहीतून दुसऱ्या वहीत पैसे नेण्याचा पूल बांधतं, कुणी बाहेरच्या जगातले भाव आत कळवतं. या प्रत्येकाला स्वतःचे जामीनदार हवेत. नव्या सेवेला ते कुठून मिळणार? तर ज्यांचं इथर आधीच बांधलेलं आहे, त्यांनीच या सेवांसाठीही जामीन राहावं. त्याच ठेवीवर दुसरी अट बसवून घ्यावी. सेवा त्याबद्दल वेगळं भाडं देईल. एवढंच आहे रीस्टेकिंग. त्या बाईंना उत्तर हे : एकाच पैशावर दोनदा व्याज मिळत नाही. दोन जागी जामीन राहिल्याची दोन भाडी मिळतात. आणि अर्थातच, पैसे कापले जाण्याच्या जागाही दोन होतात.

ही कल्पना व्यवहारात आणली ती आयगेनलेअर या प्रकल्पानं. त्याचे संस्थापक श्रीराम कन्नन, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले आणि पुढे अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक. 'आयगेन' हा जर्मन शब्द, अर्थ 'स्वतःचं'. आपलं स्वतःचं धन दहा जणांच्या कामी लावणाऱ्या योजनेला हे नाव, हा योगायोग आम्हाला गंमतीचा वाटतो.

पण मुंबईकरांनी एवढ्या लांब जायचं कारण नाही. पॉलिगॉन, पूर्वीचं मॅटिक, २०१७ मध्ये इथेच सुरू झालं. जयंती कनानी, संदीप नेलवाल, अनुराग अर्जुन हे त्याच्या संस्थापकांपैकी. इतकंच काय, नवे प्रोग्राम खोट्या नाण्यांवर तपासून बघायची त्यांची जी जाळी होती तिचं नावच 'मुंबई' होतं. २०२४ पर्यंत जगभरचे प्रोग्रामर रोज 'मुंबई'वर चाचण्या करत होते. त्याच पॉलिगॉननं २०२३ मध्ये पीओएल नावाच्या नव्या नाण्याची जी योजना मांडली, तिच्यात हाच विचार होता : जामीनदारानं एकदा ठेव ठेवायची आणि तिच्या जोरावर अनेक वह्या तपासायच्या. सप्टेंबर २०२४ पासून जुनं मॅटिक जाऊन पीओएल आलं. म्हणजे ही काही एखाद्या प्रयोगशाळेतली विक्षिप्त कल्पना नाही.

व्यवहार कसा होतो ते थोडक्यात. स्वतःचा संगणक चालवणारा माणूस आपली ठेव परत कुठे यावी याचा पत्ता बदलून तो आयगेनलेअरच्या खात्याकडे वळवतो. म्हणजे ठेव सोडवताना ती आधी या नव्या उंबरठ्यावरून जाणार आणि तिथे काही कापायचं असलं तर कापलं जाणार. बहुतेक लोक मात्र स्वतः काही चालवत नाहीत. ते आपलं इथर एखाद्या चालकाच्या भरवशावर सोपवतात. कोणत्या सेवांना जामीन राहायचं हे तो चालक ठरवतो. चूक त्याची, कापलं जाणार तुमचं. विज्ञानेश्वराच्या भाषेत सांगायचं तर आपल्याला वाटतं आपण दुसऱ्या प्रकारचे जामीन आहोत, 'हा चालक बरा आहे' एवढंच म्हणणारे. प्रत्यक्षात आपण तिसऱ्या प्रकारचे असतो, देणारे. हा फरक समजला तरी आजचं येणं सार्थकी लागलं असं आम्ही म्हणू.

आता धोका कुठे आहे ते पाहू. एक हिशेब मांडू, आकडे आपल्या सोयीचे. समजा जामिनाचं एकूण धन १०० कोटी आहे. त्याच्या आधारावर पाच सेवा चालतात आणि प्रत्येक सेवेत लुटण्यासारखे ४० कोटी आहेत. पहिली सेवा म्हणते, "आम्हाला लुटून ४० मिळतील, १०० गमवावे लागतील. कोण लुटेल?" दुसरी हेच म्हणते. पाचवीही हेच म्हणते. प्रत्येकीचं म्हणणं सुटं घेतलं तर खरं आहे. पण जामीनदारांनी संगनमत करून पाचही सेवा एकाच रात्री लुटल्या तर? मिळतील २००, जातील १००. पाच खरी विधानं एकत्र केली आणि निष्कर्ष खोटा निघाला. जे प्रत्येकाला लागू ते सगळ्यांना मिळून लागू, असं समजणं हा तर्कदोष आहे. पुस्तकात तो दोन ओळींत येतो आणि परीक्षेत कुणी त्यावर उत्तर लिहीत नाही.

पतपेढ्यांना हे कळत होतं. म्हणून एका सभासदानं किती कर्जांना जामीन राहावं याला पुष्कळ पतपेढ्यांच्या नियमांत मर्यादा असते. आयगेनलेअरही शेवटी तिथेच आलं. १७ एप्रिल २०२५ ला त्यांनी कापणीची व्यवस्था चालू केली, आणि तिच्यात चालकानं आपल्या ठेवीचा अमुक हिस्सा अमुक सेवेला असं वाटून द्यायचं ठरलं. ज्या सेवेला जो हिस्सा दिला, त्याला तेवढीच सेवा हात लावू शकते. म्हणजे एकाच शंभरावर पाच जणांचा पूर्ण हक्क, हे राहिलं नाही. पण मग एकच ठेव अनेकांना पूर्णपणे वापरता येते ही जी मोहिनी होती, तीही त्या प्रमाणात ओसरली. यात दोष कुणाचा नाही. हिशेबच तसा आहे.

तारीख मात्र बघून ठेवा. एप्रिल २०२५. आयगेनलेअरमध्ये सर्वांत जास्त पैसा होता तो त्याच्या आदल्या वर्षीच्या मध्यावर, वीस अब्ज डॉलरच्या घरात. त्या वेळी कापणी अस्तित्वातच नव्हती! जामीन होता, शिक्षा नव्हती. मग लोकांना मिळत काय होतं? गुण. शाळेत मिळतात तसे. आज ना उद्या या गुणांच्या बदल्यात नवं नाणं मिळेल या आशेवर माणसं इथर आणून ठेवत होती. नाणं जाहीर झालं, पण ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते कुणाला विकता येत नव्हतं. आमचं मत विचाराल तर तो काळ जामीनकीचा नव्हता, रांगेत उभं राहून नंबर लावण्याचा होता. तेव्हाच्या मोबदल्याकडे पाहून 'रीस्टेकिंग फायद्याचं' म्हणणं चूक. धोका चालू झाल्यावर, सेवा स्वतःच्या कमाईतून जे भाडं देतात तोच खरा मोबदला, आणि तो त्या आशेच्या मानानं बेताचा असतो.

त्याचाही हिशेब करता येतो. समजा १०० इथरवर वर्षाला वरचं १ इथर मिळतं. आणि वर्षात ४० पैकी एका वेळी असं काही घडतं की ५० इथर कापलं जातं. मग वर्षाचा सरासरी तोटा सव्वा इथर. एक मिळवायला सव्वा टांगलं. शंभरात एकदाच घडणार असेल तर तोटा अर्धा, सौदा बरा. अडचण ही की ४० पैकी एक की १०० पैकी एक, हे सांगायला पुरेसा काळ अजून गेलेलाच नाही. आगीच्या विम्याचे आकडे कित्येक पिढ्यांच्या आगींवरून निघाले. इथे पिढी कसली, कापणीच मुळी २०२५ मध्ये सुरू झाली.

आता दोरीकडे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पतपेढीच्या कागदावर तोपर्यंत सगळं नीट होतं : प्रत्येक कर्जाला जामीनदार, प्रत्येक जामीनदाराला पगार. पण कर्जदारही गिरणीत, जामीनदारही गिरणीत. ज्या दिवशी कर्जदाराचा पगार थांबला त्याच दिवशी जामीनदाराचाही थांबला. जामीनदार बुडवा नव्हता, त्याचं वचन खोटं नव्हतं. तो कर्जदारापासून स्वतंत्र नव्हता, इतकंच. इथेरियमच्या नियमातली सामुदायिक दंडाची तरतूद याच गोष्टीला घाबरते. रीस्टेकिंगमध्ये मोजक्या मोठ्या चालकांकडे पुष्कळ ठेवी गोळा झाल्या, सगळे एकच सॉफ्टवेअर वापरू लागले, तर एक बिघाड एका वेळी सगळ्या सेवांत दिसेल. आणि इथर स्वतःच पडलं तर? पाचही सेवांचा जामीन एकाच सकाळी अर्धा होईल. कागदावर माणसं दहा असली तरी पगार एकाच गिरणीतून येत असला, तर जामीनदार एकच समजायचा.

इथेरियमचे जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी मे २०२३ मध्ये वेगळा इशारा दिला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं : तीच ठेव दुसरीकडे वापरायला हरकत नाही; पण तुमची सेवा बुडाली म्हणून मूळ वहीच मागे फिरवा, दुरुस्त करा, अशी अपेक्षा ठेवू नका. मूळ वहीच्या एकमतावर भलतं ओझं टाकू नका. आम्हाला हा इशारा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण व्याघात ओळखणं आणि असत्य ओळखणं यांतला फरक इथे येतो. मूळ वही व्याघात ओळखते. पण 'आज दादरच्या बाजारात झेंडूचा भाव इतका' हे कळवणारी सेवा खोटं बोलली तर? सही एकच, विसंगती काही नाही, फक्त भाव खोटा. वहीच्या आत बसून ते सिद्ध करता येत नाही. झेंडू बाहेर आहे. आयगेनलेअरनं यासाठी अपराधांचे प्रकार पाडलेत : काही यंत्रानं सिद्ध होणारे, काही असे की पाहणारी समंजस माणसं त्यावर सहमत होतील पण यंत्र होणार नाही. या दुसऱ्या प्रकारासाठी त्यांनी स्वतःचं वेगळं नाणं काढलं. म्हणजे फिरून आपण पंचांकडे आलो. कोर्ट नको म्हणून निघालेली गाडी पंचायतीच्या पारावर येऊन थांबली.

पावत्यांचं प्रकरण राहिलं. इथर बांधलं की अडकलं. ते सोडवायला रांग असते, आणि रीस्टेकिंगमध्ये वर आणखी सुमारे दोन आठवडे. लोकांना अडकणं आवडत नाही. म्हणून मधल्या संस्था इथर घेतात आणि बदल्यात एक पावती देतात. पावती विकता येते, गहाणही ठेवता येते. मग माणूस पावती गहाण ठेवून इथर उसनं घेतो, ते पुन्हा बांधतो, नवी पावती, पुन्हा गहाण. चार फेऱ्यांत एका इथरचे तीन झालेले दिसतात. एप्रिल २०२४ मध्ये रेन्झो नावाच्या अशा एका संस्थेच्या नव्या नाण्याच्या वाटपावरून ग्राहक नाराज झाले आणि सगळ्यांनी एकदम पावत्या विकायला काढल्या. थेट इथर परत मागायची सोय तेव्हा उघडलेलीच नव्हती. इथर तीन हजार डॉलरच्या वर असताना ती पावती एका बाजारात काही वेळ सातशे डॉलरच्या आसपास गेली. मागचं इथर जागच्या जागी होतं, एकही कापलं गेलं नव्हतं. पण फेऱ्या मारणाऱ्यांची गहाणं आपोआप लिलावात गेली आणि ते संपले.

फोर्टातल्या मंडळींना यात काहीतरी ओळखीचं दिसेल. १९९२ चा रोखे घोटाळा! एप्रिलमध्ये सुचेता दलाल यांच्या बातमीनं तो फुटला. तिथेही कारण पावतीच होतं, बँक रिसीट. रोखे प्रत्यक्ष हलवण्याऐवजी बँका 'रोखे आमच्याकडे आहेत' अशी पावती देत आणि तिच्यावर पैसे उचलले जात. बँक ऑफ कराडसारख्या लहान बँकेच्या पावत्यांमागे रोखे नव्हतेच. फरक मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे : तिथे मागचा माल खोटा होता, इथे तो आहे आणि कुणालाही पाहता येतो. याज्ञवल्क्य म्हणतो की एकच वस्तू दोघांकडे गहाण पडली तर आधीचा व्यवहार बलवान. रीस्टेकिंगमध्ये कोणाचा हक्क किती हे आधीच लिहिलेलं असतं, लपवाछपवी नसते. उघडपणे केलेली दुहेरी जामीनकी फसवणूक होत नाही. ती पेलवेल का, हा प्रश्न वेगळा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीवरच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर अधिभार. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही. जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का उद्गम कपात. म्हणजे वरचा एक टक्का मोबदला मिळवण्यासाठी चार पावत्या फिरवल्या तर मोबदला कुठे जाईल ते तुम्हीच पाहा. आणि विमा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ मध्ये कामगारांसाठी काढलेली ती बँक. ठेवीदार हवालदिल झाले, पण पाच लाखांपर्यंत ठेव विमा होता, आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. याउलट जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या क्रिप्टो बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले, आणि ग्राहकांना आपल्याच पैशासाठी वर्षाहून जास्त थांबावं लागलं. तिथे कोणता विमा, कोणतं विलीनीकरण?

शेवटची चिठ्ठी एका निवृत्त गृहस्थांची आहे : आपल्यामागे हे इथर मुलांना कसं मिळेल? मिताक्षरेत देणाऱ्या जामिनाचा बोजा मुलांवर येतो. इथे बोजा येत नाही, कापलं गेलं तर बांधलेलंच कापलं जातं, घरादारावर कुणी येत नाही. पण धनही आपोआप येत नाही. बँकेसारखा नॉमिनीचा रकाना नाही. किल्लीचे बारा किंवा चोवीस शब्द ज्याच्याकडे, त्याचं इथर. हे शब्द कागदावर लिहावेत, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नयेत. मृत्युपत्रात प्रत्यक्ष शब्द लिहू नयेत, कारण ते चार जणांच्या हातून जातं. कागद कुठे आहे एवढंच वारसाला सांगून ठेवावं. आणि सोबत दुसऱ्या कागदावर लिहावं : ठेव कोणत्या चालकाकडे सोपवली आहे, तो कोणत्या सेवांना जामीन आहे, पावती असेल तर ती कुठे गहाण आहे का, आणि सोडवायला किती दिवस लागतात. हा दुसरा कागद आज रात्री घरी जाऊन लिहायला बसलात आणि चारपैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच येत नाही असं दिसलं, तर मुलाला फोन करून विचारा.